वीस मिनिटं झकास, मग धाडकन वीस एफपीएस

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. लॅपटॉप २०१८ चा. कोअर आय-सेव्हन ८७५०एच प्रोसेसर, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स, १६ जीबी रॅम. गेम लावला की पहिली पंधरा-वीस मिनिटं ६५-७० एफपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढ्या फ्रेम (चित्रं), मिळतात. मग एकदम १८-२० वर कोसळतो, आठ-दहा सेकंद तसाच रखडतो, पुन्हा ७० वर जातो आणि दोन-तीन मिनिटांनी तेच सुरू. तुम्ही विंडोज नव्यानं टाकलं, ड्रायव्हर मागेपुढे करून पाहिले, सगळी सेटिंग ‘लो’ला नेली. फरक काहीच पडला नाही. तापमान ७८ च्या वर जात नाही, असं तुम्ही म्हणता. एका दुरुस्तीवाल्यानं ग्राफिक्स चिप गेली म्हणून सांगितलं, आणि आता नवीनच घ्यावा का, असं विचारताय.

घेऊ नका, निदान या आठवड्यात तरी नको. तुमच्याच वर्णनात तीन धागे आहेत आणि तिन्ही ग्राफिक्स चिपपासून लांब नेतात.

पहिला धागा म्हणजे ‘लो’ सेटिंग. ग्राफिक्स चिप थकली असती, तर तिच्यावरचा बोजा कमी केल्यावर थोडा तरी फरक दिसला असता. ७० चे ९० झाले असते, घसरण वीसऐवजी चाळीस मिनिटांनी आली असती, काहीतरी झालं असतं. तुमच्याकडे सेटिंग काहीही असो, घसरण त्याच १८-२० वर येऊन टेकते. म्हणजे खालची ती पातळी गेम ठरवत नाहीये, मशीनमधलं दुसरंच काहीतरी ठरवतंय. दुसरा धागा असा की मरायला टेकलेली चिप दहा सेकंदांनी सद्वर्तनी होऊन ७० एफपीएस देत नाही. ती पडद्यावर रंगीत चौकोन दाखवते, मधूनच काळा पडदा येतो, ड्रायव्हर कोसळून पुन्हा उभा राहतो, किंवा गेम थेट बंद पडतो. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तिसरा धागा तुमचे ते ७८ अंश. त्यावर थोडं सावकाश बोलू, कारण बहुतेक लोक तिथंच फसतात.

कोपऱ्यात एफपीएसशेजारी जो तापमानाचा आकडा दिसतो, तो बहुतेक वेळा ग्राफिक्स चिपचा असतो. जीटीएक्स १०६० साठी ७८ म्हणजे अगदी सभ्य आकडा. पण त्याच वेळी प्रोसेसर ९८ वर असू शकतो, आणि प्रोसेसरला वीज पुरवणारी बोर्डवरची कॉइल-मॉस्फेटची रांग त्याहून वाईट अवस्थेत असू शकते. तिचं तापमान तर कित्येक लॅपटॉप दाखवतच नाहीत. तेव्हा ‘तापमान ठीक आहे’ असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कशाचं?

आता मूळ मुद्दा. लॅपटॉप असा अचानक हळू होतो, तेव्हा शंभरातल्या बहुतेक वेळा तो दमलेला नसतो. त्याला कुणीतरी मुद्दाम ‘हळू चल’ असा हुकूम दिलेला असतो. प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो, बोर्ड त्याला वेग उतरवायला लावतो, चार्जरचा तुटवडा पडला म्हणून वीज आखडती घेतली जाते. हुकूम कोणाचा, हे शोधायचं काम आहे. आणि सुदैवानं हुकूम देणारा आपली सही मागे ठेवतो. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी ती सही वाचायची. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं उलटं केलं. आला लॅपटॉप की उघड, चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदल, पंखा झाड. निम्म्या वेळा काम व्हायचं आणि उरलेल्या निम्म्या वेळा तोच लॅपटॉप आठ दिवसांत परत टेबलावर.

सही वाचायला एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. ‘सेन्सर्स ओन्ली’ हा पर्याय निवडून उघडा. त्यात नोंद दर दोन सेकंदांनी होते, ती सेटिंगमध्ये जाऊन एका सेकंदावर आणा. खालच्या पट्टीतलं लॉगिंगचं बटण दाबा, गेम सुरू करा, तीन-चार घसरणी होऊ द्या, मग लॉगिंग थांबवा. जी फाइल तयार होईल ती एक्सेलमध्ये उघडा. स्तंभ शेकड्यांनी असतील, घाबरू नका. आपल्याला मोजकेच हवेत: प्रोसेसरचा क्लॉक म्हणजे वेग, त्याचं पॅकेज तापमान, पॅकेज पॉवर म्हणजे वॅट, ग्राफिक्स चिपचा क्लॉक, तिचा वापर किती टक्के, आणि बॅटरीचा चार्ज रेट. सोबत ‘परफॉर्मन्स लिमिट रीझन्स’ या मथळ्याखालचे हो-नाहीचे रकाने.

घड्याळ पाहून घसरणीची वेळ कागदावर टिपून ठेवलेली बरी. मग फाइलमध्ये त्या वेळेच्या पाच सेकंद आधीपासून ओळी वाचायच्या. इथं सरासरी कामाची नाही, कमाल आकडाही फारसा नाही. आधी काय पडलं आणि मागून काय पडलं, एवढंच बघायचं.

तुमच्या फाइलमध्ये मला काय दिसेल याचा अंदाज सांगतो. घसरणीच्या क्षणी प्रोसेसरचा क्लॉक ३.९ गिगाहर्ट्झवरून थेट ०.८ च्या आसपास येईल, वॅट पंचेचाळीसवरून दहा-बाराच्या खाली जातील आणि ग्राफिक्स चिपचा वापर ९५ टक्क्यांवरून तीसच्या घरात येईल. म्हणजे ग्राफिक्स बिचारं रिकामं बसलेलं, प्रोसेसर फ्रेमची तयारी करून देतच नाहीये. ‘लो’ सेटिंगनं फरक का पडला नाही, त्याचंही हेच उत्तर होईल. अंदाज चुकू शकतो, म्हणूनच लॉग मागतोय.

प्रोसेसर खरंच असा पडत असेल, तर पुढचा प्रश्न: किती पडतो? इथं घसरणीचा आकारच बरंच सांगतो.

क्लॉक ३.९ वरून ३.१, मग २.८, असा पायरीपायरीनं उतरत असेल आणि त्याच वेळी तापमान ९५ ते १०० च्या दरम्यान चिकटून बसलं असेल, तर ही साधी उष्णतेची तक्रार. ८७५०एचची मर्यादा १०० अंश. तिथं पोचला की तो स्वतःच वेग थोडा थोडा कमी करत त्या रेषेवर तोल सांभाळतो. यात एफपीएस ७० चे ५०-५५ होतात, थेट १८ सहसा होत नाहीत. ४५ वॅटवर येऊन वेग थबकला आणि रकान्यात पीएल-वन असं दिसलं, तर ती कंपनीनं घालून दिलेली विजेची मर्यादा. हा प्रकार गेम सुरू झाल्यावर अर्ध्या-एक मिनिटात दिसतो. विसाव्या मिनिटाची वाट तो पाहत नाही.

पण क्लॉक एका झटक्यात ०.८ वर आला, आणि त्या क्षणी प्रोसेसरचं स्वतःचं तापमान ८५-९० असं बरं होतं, तर हुकूम बाहेरून आलाय. प्रोसेसरला ‘प्रोकहॉट’ नावाची एक तार असते. मूळ हेतू असा की प्रोसेसर फार तापला तर त्यानं बाहेर बोंब मारावी. पण ही तार दोन्ही दिशांनी चालते. बोर्डवरचा दुसरा कुणीही ती ओढू शकतो, आणि ती ओढली की प्रोसेसर काही न विचारता तळाच्या वेगावर जातो. लिमिट रीझन्सच्या रकान्यांत प्रोकहॉटला ‘हो’ दिसलं किंवा थ्रॉटलस्टॉप या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या ‘लिमिट्स’ खिडकीत बीडी-प्रोकहॉट लाल झालं की समजायचं, तार कुणीतरी ओढतंय. थ्रॉटलस्टॉपमध्ये आत्ता लागू असलेलं कारण लाल दिसतं आणि होऊन गेलेलं पिवळं राहतं, त्यामुळे गेममधून बाहेर येऊन पाहिलं तरी चालतं.

ओढणारे सहसा दोघे. एक, ती मघाशी म्हटलेली वीजपुरवठ्याची रांग. तिच्यावरचे थर्मल पॅड, म्हणजे उष्णता पुढे नेणारे मऊ तुकडे, वाळून कडक झाले, किंवा मागच्या कुणी सर्व्हिसिंग करताना बसवलेच नाहीत, की ती पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू तापते, मर्यादा ओलांडते आणि तार ओढते. प्रोसेसर दहा सेकंद शांत झाला की ती निवते, तार सोडते, गेम पुन्हा ७० वर. तुमचं वर्णन याला फार जुळतं. दुसरा ओढणारा म्हणजे चार्जरची बाजू.

चार्जरचा एक किस्सा सांगतो, कारण यात मी स्वतः तीन आठवडे वाया घालवलेत. एक लॅपटॉप आला, तक्रार तुमच्यासारखीच. पेस्ट बदलली, पॅड बदलले, पंखे नवे. तापमान इतकं सुंदर आलं की फोटो काढून ठेवला. घसरण मात्र जागच्या जागी. शेवटी एकदा लॉग बाजूला ठेवून नुसता गेम बघत बसलो होतो, तर घसरण झाली त्या क्षणी पडद्याचा उजेड किंचित मंदावला आणि परत आला. डोळ्याच्या कोपऱ्यात जाणवेल इतकाच. चार्जर काढल्यावर विंडोज उजेड कमी करतं ना, अगदी तसा. चार्जरची पिन जिथं आत जाते तिथं बोट लावलं तर ती गरम होती. जॅक आतून सैल झाला होता. तापला की क्षणभर संपर्क तुटायचा, लॅपटॉपला वाटायचं चार्जर गेला, आणि तो वेग उतरवायचा. जॅक बदलला आणि विषय संपला. त्या दिवसापासून कुणाचाही लॅपटॉप आला की घसरणीच्या वेळी पडदा मंद होतो का, हे मी आधी विचारतो. तुम्हीही बघा. कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह त्या वेळी बदलतं का, तेही बघा.

चार्जरचे आणखी दोन प्रकार आहेत. अशा लॅपटॉपला साधारण १८० वॅटचा चार्जर लागतो. मूळचा बिघडला म्हणून कुणी त्याच पिनेचा १२० वॅटचा आणून लावला, तर साध्या कामात काहीच कळत नाही. गेममध्ये मात्र कमी पडलेली वीज बॅटरीतून ओढली जाते. बॅटरी धडधाकट असेपर्यंत ती हे झाकून नेते. सहा-सात वर्षांची बॅटरी नेत नाही. लॉगमधला चार्ज रेट इथं कामाला येतो: चार्जर लावलेला असताना तो आकडा उणे जात असेल, म्हणजे बॅटरी रिकामी होत असेल, तर चार्जर पुरत नाहीये. दुसरा प्रकार काही विशिष्ट लॅपटॉपांतच असतो. चार्जरच्या पिनेच्या मध्ये एक बारीक सुई असते, तिच्यातून चार्जर आपली ओळख सांगतो. ती सुई वाकली किंवा तिची तार आत तुटली, की वीज पूर्ण मिळत असूनही लॅपटॉप म्हणतो ‘हा चार्जर माझा नव्हे’ आणि वेग आवळून धरतो. पण मग तो सुरुवातीपासूनच हळू असतो, किंवा वायर हलली की हळू होतो.

यावर व्हिडिओंमध्ये एक उपाय सर्रास सांगतात: थ्रॉटलस्टॉपमध्ये बीडी-प्रोकहॉटची खूण काढून टाका. काढली की तार तुटल्यासारखी होते, बाहेरचा हुकूम प्रोसेसरला ऐकूच येत नाही. मी हे निदानासाठी दोन-चार मिनिटं करतो, घसरण खरंच तिथूनच येतेय याची खात्री करायला. कायमचं करत नाही. वीजपुरवठ्याची रांग ओरडत असताना तिचं तोंड बांधलं, तर पुढची बातमी जळक्या वासानंच येते. जॅक तापत असेल, तर हा खेळ मुळीच नको.

आता उष्णतेकडे येऊ, कारण लॉगमध्ये तीच निघाली तर तुम्हाला पुढचा रस्ता हवा. लोक ‘पेस्ट बदला’ आणि ‘धूळ काढा’ ही दोन्ही वाक्यं एका श्वासात बोलतात, पण ही दुखणी वेगळी आहेत आणि न उघडताच ओळखता येतात.

पेस्ट गेलेली असेल तर उष्णता चिपमधून तांब्यापर्यंतच जात नाही. बोजा टाकल्याबरोबर दोन-तीन सेकंदांत तापमान ५० वरून ९५ वर उडी मारतं, बोजा काढला की तसंच धाडकन खाली येतं. एखादा कोअर बाकीच्यांपेक्षा बारा-पंधरा अंशांनी गरम दिसतो, कारण तिथलीच पेस्ट सरकलेली असते. आणि खरी गंमत म्हणजे मागून बाहेर पडणारी हवा कोमट असते. आत ९५ आणि बाहेर कोमट, म्हणजे उष्णता वाटेत अडलीये. धूळ असेल तर उलट. तापमान सावकाश, दहा-पंधरा मिनिटं चढत राहतं. हवा चटका देण्याइतकी गरम, पण तिला जोर नसतो. हात धरला तर फुंकर मारल्यासारखी वाटते. गेम बंद केला तरी तापमान उतरायला वेळ लागतो. तुमच्या ‘पंधरा-वीस मिनिटां’वरून मी पेस्टच्या आधी धुळीवर किंवा पॅडवर संशय घेईन.

धूळ म्हटल्यावर लोक पंख्याच्या पात्यांकडे बघतात. पाती स्वच्छ करून उपयोग फार नाही. पंख्यातून हवा जिथून बाहेर पडते, तिथं हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या धातूच्या भागाच्या, बारीक पट्ट्यांची जाळी असते, आणि पंखा व जाळी यांच्या मधल्या फटीत धूळ बसते. ती भुकटीसारखी नसते. पंखा सुटा केला की तिथं करड्या रंगाची नमद्यासारखी पट्टी सापडते, अखंड, दोन-तीन मिलिमीटर जाड. चिमट्यानं ओढली तर एकसंध निघून येते आणि तिच्या आतल्या अंगावर जाळीच्या पट्ट्यांच्या उभ्या रेघा उमटलेल्या असतात. बाहेरून हवेचा फवारा मारला की ही पट्टी उलटी पंख्याकडे ढकलली जाते, दोन दिवस बरं वाटतं, मग ती परत येऊन जागेवर बसते. म्हणून फवाऱ्यानं काम झालं असं सांगणाऱ्यांचा लॅपटॉप महिन्याभरात पुन्हा तापतो.

उघडायचं ठरवलंत तर थोडी काळजी. मागचं झाकण निघाल्याबरोबर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, बाकी सगळं नंतर. फवारा मारायचाच असेल तर पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. हवेच्या जोरानं पंखा वाटेल तसा फिरला तर त्याच्या बेअरिंगचं नुकसान होतं. व्हॅक्यूम क्लीनर बोर्डजवळ नेऊ नका. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुधा आकडे छापलेले असतात. त्या क्रमानं घट्ट करा आणि काढताना उलट्या क्रमानं, थोडे थोडे सैल करत. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

पॅडच्या जाडीबाबत मात्र मी हट्टी आहे. जुन्या पॅडची जाडी मोजल्याशिवाय नवा लावू नका. एक मिलिमीटरच्या जागी दीड लावला तर रांगेवर छान बसेल, पण हीटसिंक तेवढाच वर उचलला जाईल आणि चिपला टेकणारच नाही. ‘सर्व्हिसिंगनंतर जास्त तापायला लागला’ म्हणून येणाऱ्या लॅपटॉपांत हे मी नेहमी बघतो.

पेस्ट कोणती, हा प्रश्न पुढे येईलच. लॅपटॉपची चिप उघडी असते, वर धातूची टोपी नसते. गरम-थंड होताना चिप आणि तांबं किंचित फुगतं-आकसतं आणि पातळ पेस्ट कडेला ढकलली जाते. म्हणून डेस्कटॉपवर गाजलेली पातळ पेस्ट इथं काही महिन्यांत मान टाकते. मी घट्ट पेस्ट वापरतो किंवा हल्ली हनीवेलचा पीटीएम-७९५० हा पातळ पॅड. तो साधारण ४५ अंशांना मऊ होऊन पसरतो आणि जागा सोडत नाही. पहिले काही दिवस तापमान थोडं जास्त दिसेल, चार-पाच वेळा गरम-थंड झाला की बसतो. लिक्विड मेटलच्या, म्हणजे पेस्टऐवजी लावायच्या पातळ धातूच्या, नादी लागू नका. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खाऊन टाकतं, आणि ते वीज वाहून नेतं, त्यामुळे एक थेंब ओघळला तर बोर्ड गेला.

न उघडता करण्यासारखंही बरंच आहे, आणि खरं सांगायचं तर जुन्या लॅपटॉपला मला हेच जास्त आवडतं. एफपीएसला कुलूप घाला. ७० मिळतात म्हणून ७० घेऊ नका, रिव्हाट्यूनर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ५० किंवा ६० ची मर्यादा लावा. सतत ५० देणारा गेम हा ७०-२०-७० करणाऱ्या गेमपेक्षा कितीतरी सुसह्य. ६० एफपीएसला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत येते, ५० ला २० मिलिसेकंदांत. हा फरक डोळा पचवतो. अधूनमधून ५० मिलिसेकंद लागले तर ते मात्र पचत नाही.

दुसरं म्हणजे प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर जायची सोय, आवरा. ३.९ गिगाहर्ट्झला लागणारं व्होल्टेज बरंच चढं असतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गानं वाढतो. दहा टक्के व्होल्टेज कमी झालं की त्याच वेगाला जवळजवळ एकोणीस टक्के कमी वॅट लागतात. थ्रॉटलस्टॉपमध्ये टर्बोचा गुणक ३२-३३ वर, म्हणजे वेग ३.२-३.३ गिगाहर्ट्झवर, आणून ठेवा, बहुतेक गेममध्ये जीटीएक्स १०६० ला तेवढा प्रोसेसर पुरतो. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करण्याची युक्ती तुम्ही ऐकली असेल. ती टर्बो पूर्णच बंद करते, म्हणजे तुमचा प्रोसेसर ३.९ वरून २.२ वर. चाचणीसाठी उत्तम: ९९ टक्क्यांवर तासभर खेळलात आणि एकही घसरण झाली नाही, तर दोष उष्णता-वीज या घरातलाच, हे पक्कं. रोजच्या खेळाला मात्र २.२ काही गेमना कमी पडेल. अंडरव्होल्टही करता येतं, म्हणजे प्रोसेसरला ठरल्यापेक्षा थोडं कमी व्होल्टेज देता येतं, पण २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाल्यावर अनेक कंपन्यांनी बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट देऊन ती सोय बंद केली. थ्रॉटलस्टॉपमध्ये तो भाग ‘लॉक्ड’ दिसला तर तुमच्यावरही तीच पाळी आलेली आहे. उगाच जुना बायोस टाकायच्या मागे लागू नका.

आणि मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला. खालच्या जाळ्यांना श्वास मिळाला की काही अंश सहज उतरतात. गादीवर ठेवून खेळत असाल तर वरचं सगळं वाचायच्या आधी ते थांबवा.

आता समजा माझा अंदाज साफ चुकला: लॉगमध्ये प्रोसेसरचा क्लॉक हलत नाही, तापमान बरं, वॅट बरे, तरी एफपीएस पडतात. मग दुखणं रसदीचं, म्हणजे गेमची माहिती मेमरी-डिस्ककडून वेळेवर न पोचण्याचं. ग्राफिक्सची मेमरी भरली असेल तर कॅमेरा वळवताना किंवा नव्या भागात शिरताना झटके बसतात, पण तुमच्याकडे बहुधा ६ जीबीचं कार्ड आहे आणि ‘लो’वर तुम्ही पाहिलंत, त्यामुळे हे मागे पडतं. गेम हार्ड डिस्कवर असेल तर टास्क मॅनेजरमध्ये घसरणीच्या वेळी डिस्क १०० टक्के दिसेल. एसएसडी काठोकाठ भरलेली असली तरी ती दमते. ड्रायव्हर बदलल्यावर पहिले दोन-तीन तास शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे ग्राफिक्स चिपचे छोटे प्रोग्राम, पुन्हा तयार होतात, त्याचे झटके येतात आणि आपोआप जातात. तुम्ही इतक्यांदा ड्रायव्हर बदललेत की हे थोडं तुम्हीच ओढवून घेतलं असेल. पण हे सगळे एखाद-दोन सेकंदांचे झटके. दहा सेकंद एका पातळीवर रखडणं आणि मग स्वच्छ परतणं, ही रसदीची चाल नव्हे.

आता नवीन घ्यायचा का, हे तुम्ही काय खेळता आणि अजून किती वर्षं रेटायचं आहे यावर आहे, ते मी ठरवू शकत नाही. दोन गोष्टी हिशेबात धरा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा असल्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. आणि एनव्हिडियानं जीटीएक्स १० मालिकेसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, फक्त सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. म्हणजे आज जे गेम चालतात ते चालत राहतील, पुढच्या नव्या गेमची खात्री नाही. जॅक, पॅड किंवा धूळ निघाली तर दुरुस्त करून वापरा. बोर्डच बदलायला सांगत असतील तर त्या पैशांचा विचार नव्या लॅपटॉपच्या बाजूनं करा, इतक्या जुन्या बोर्डाच्या बाजूनं नको.

एकच गोष्ट आजच बघा, लॉगच्याही आधी. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतो का, क्लिक घट्ट झालीये का, खालचं झाकण मधोमध फुगलंय का ते तपासा. तसं असेल तर बॅटरी फुगली आहे. मग गेम, चार्जिंग, चाचण्या सगळं बंद ठेवा. ती दाबू नका, टोचू नका, जाणत्याकडून काढून घ्या. नुसती एवढीच अडचण निघाली आणि बॅटरी बदलल्यावर एफपीएसही सुधारले, असे दोन लॅपटॉप मी पाहिलेत.

बॅटरी सपाट असेल तर लॉग काढा आणि एका घसरणीच्या आधीच्या पाच आणि नंतरच्या पंधरा ओळी पाठवा. सोबत चार्जरवर छापलेले वॅट, आणि त्या क्षणी पडदा मंद झाला की नाही ते लिहा.